प्लॅन १०० एमबीपीएसचा, पिंग २०० चा! अहमदपूर तालुक्यातल्या पोरांचा गेम नेमका अडतो कुठं?

अहमदपूर : रात्रीचे आठ वाजले की किनगाव असो, हाडोळती असो की शिरूर ताजबंद, पारावर नाहीतर घराच्या गच्चीवर चार पोरं मोबाईल आडवे धरून बसलेली दिसतातच. जेवायची हाक दोनदा येऊन गेलेली असते. गेम रंगात येतो, शेवटचे दहा गडी उरतात आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातला हिरवा आकडा लाल होतो. ४० चा १८०, १८० चा ३००. समोरचा गडी जागच्या जागी पळायला लागतो, आपण झाडलेली गोळी कुठं गेली कळत नाही आणि "नेटनं मारलं रं" म्हणत फोन मांडीवर आपटला जातो.

दुसऱ्या दिवशी तोच पोरगा वडिलांकडं मोठ्या प्लॅनचे पैसे मागतो. ४० चा १०० करू, १०० चा २०० करू. वडील कुरकुरत देतात. महिन्याभरानं बघावं तर आकडा पुन्हा लालच. आमच्या मते यातले बरेचसे पैसे चुकीच्या जागी चाललेत. लॅग कशानं येतो हे न बघता प्लॅन वाढवणं म्हणजे मोटार जळलेली असताना पाईपलाईन मोठी करण्यासारखं आहे.

आधी साधा हिशेब करू. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारख्या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. अहमदपूरपासून मुंबईपर्यंत तारेचा रस्ता वळणंवळसे धरून आठशे किलोमीटर पकडा. जाऊन-येऊन सोळाशे. त्याला लागतात फक्त ८ मिलिसेकंद. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरला तरी चांगल्या फायबरवर २०-३० पिंग यायला हरकत नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल तर समुद्राखालून जाणारी तार पाच हजार किलोमीटर धरा, म्हणजे आणखी ५० मिलिसेकंद. मग तुमच्या स्क्रीनवर २०० कुठून आले? उरलेला वेळ अंतरानं खाल्लेला नाही. तो वाटेत कुठंतरी रांगेत उभा राहण्यात गेला.

ही रांग आपल्याकडं सगळ्यांनी बघितलेली आहे. सोयाबीनच्या दिवसांत बाजार समितीच्या गेटवर ट्रॅक्टर लागतात तशी. गेमला लागणारा डेटा फार थोडा असतो. पबजी-बीजीएमआयच्या धर्तीवरची एक मॅच काही दहा-वीस, फार तर चाळीसेक एमबीत होते. वेग काढला तर १ एमबीपीएससुद्धा पुरून उरतो. त्या मानानं यूट्यूबचा फुल एचडी व्हिडिओ ५ एमबीपीएस मागतो. म्हणजे गेम ही मोटारसायकल आहे आणि व्हिडिओ, अपडेट, फोटोंचा बॅकअप हे भरलेले ट्रॅक्टर. मोटारसायकलला रुंद रस्ता नको असतो, रांगेतून निघायला फट हवी असते. प्लॅन वाढवला की रस्ता रुंद होतो हे खरं, पण ट्रॅक्टर गेटवरच आडवा उभा असेल तर रुंद रस्त्याचा उपयोग काय?

माझ्याच घरचं सांगतो. पुतण्या रोज रात्री साडेनऊला ओरडायचा. लाईनवाल्याला दोनदा बोलावलं, तो दोन्ही वेळेला स्पीड टेस्ट दाखवून गेला, आकडा पूर्ण. शेवटी लक्षात आलं की रात्री आमच्या वहिनींचा फोन चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढायला लागतात. लाईनचं अपलोड भरून जायचं आणि पुतण्याची गोळी त्या फोटोंच्या मागं रांगेत उभी राहायची. बॅकअपची वेळ बदलली. खर्च शून्य. नव्या राउटरमध्ये एका यंत्राला आधी वाट द्यायची सोय असते, 'क्यूओएस' नावानं सेटिंगमध्ये सापडते. तिथं गेमच्या फोनला पहिला नंबर देता येतो. स्पीड टेस्टवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ती रस्ता किती रुंद आहे एवढंच सांगते, आणि लाईन मोकळी असतानाच केली तर रांग तिला दिसतच नाही.

दुसरी गोष्ट घराच्या भिंतींची. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं दगड-मातीची, भिंत दोन-दोन हात जाड. राउटर बैठकीत देव्हाऱ्याशेजारी आणि पोरगं मागच्या खोलीत. वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा भिंतीतून बऱ्यापैकी जातो, पण त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची आणि ब्लूटूथची गर्दी. त्यात एकमेकांना न अडणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झचा मोकळा आणि वेगवान, पण जाड भिंतीपुढं हात टेकतो. पत्र्याची शेड असेल तर विषयच संपला, लोखंडी पत्रा लहरी परतवून लावतो. त्यामुळं राउटर ज्या खोलीत खेळायचं त्याच खोलीत, खांद्याच्या उंचीवर ठेवा आणि फोन ५ गिगाहर्ट्झला जोडा. ते जमत नसेल तर मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथं दुसरा साधा राउटर बसवा. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यानं तर वायफायचा नादच सोडावा, सरळ केबल लावावी. भिंतीवरचा तो स्वस्त 'रिपीटर' रेंजच्या काड्या वाढवतो खरा, पण एकच पट्टा घेणं-देणं दोन्हीला वापरत असल्यानं पिंगही वाढवतो. आणि हो, ब्लूटूथच्या कानातल्या बोंड्यांनी आवाज उशिरा येतो, तो दोष नेटच्या माथी मारू नका. वायरचा इअरफोन लावून बघा.

दोष घरात आहे की बाहेर, हे ओळखायला पाच मिनिटं लागतात. राउटरच्या शेजारी बसून, घरातले बाकी फोन वायफायवरून काढून, पिंग बघायचा. मग नेहमीच्या जागी बसून बघायचा. शेजारी ३० आणि आत १२० असेल तर दोष घराचा. शेजारी बसूनही १५० असेल तर दोष बाहेरचा. हेच सकाळी सहाला आणि रात्री नऊला करायचं. सकाळी ३०, रात्री १५० म्हणजे लाईनवाल्यानं झेपतील त्यापेक्षा जास्त गिऱ्हाइकं एका लाईनीवर बसवलीत. दिवसभर सारखाच खराब असेल तर केबलीत खोट. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला तर केबल तुटली किंवा प्रकाश पोचत नाही. दिवा हिरवा असूनही गेम अडखळत असेल तर माणूस आल्यावर त्याला पॉवर मीटर लावायला सांगा. आकडा उणे २० च्या आसपास असेल तर ठीक. उणे २७ च्या खाली गेला तर कुठंतरी जोड कच्चा आहे नाहीतर केबल दुमडलीय. हा आकडा तुम्ही विचारलात की बोलण्याचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव.

आता ज्यांच्याकडं तार पोचलेलीच नाही त्यांचं. तालुक्यातल्या बालाघाटच्या डोंगरकडेच्या वाड्या-तांड्यांवर अजून सगळा भार मोबाईल टॉवरवर आहे. जिओ आणि एअरटेल या दोघांनी २०२३ मध्ये 'एअरफायबर' आणलं. नावात फायबर असलं तरी टॉवरपासून घरापर्यंतचा रस्ता हवेतूनच आहे. व्हिडिओला ते उत्तम. गेमला मात्र टॉवरवर गर्दी किती यावर सगळं अवलंबून, आणि गर्दी नेमकी गेमच्या वेळेलाच होते. छपरावरचा डबा टॉवरच्या दिशेनं, मधी झाड न येता बसला तर बराच फरक पडतो. पैसे भरण्याआधी ज्याच्याकडं आधीच आहे अशा शेजाऱ्याच्या घरी रात्री नऊला जाऊन पिंग बघून या. जाहिरातीपेक्षा ते खरं.

उपग्रहाच्या इंटरनेटचीही चर्चा आहे. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकसोबत इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिमसोबत आपल्या शेजारचा धाराशिव जिल्हा आहे. जुने उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, त्यांचा पिंग ६०० च्या पुढं, गेमला बिनकामाचे. हे नवे साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळं त्यांच्यावर गेम चालू शकतो. पण लातूरचं नाव त्यात नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर आजचं काम अडवू नये.

एक सावधगिरी. 'पिंग कमी करणारं अ‍ॅप', 'गेम बूस्टर', टेलिग्रामवर फिरणाऱ्या एपीके फायली यांच्या नादी लागू नका. फोनमधलं अ‍ॅप टॉवरची गर्दी कमी करू शकत नाही. व्हीपीएन बहुतेक वेळा आणखी एक वळसा घालून नेतं. आणि अनोळखी एपीके त्याच फोनमध्ये जाते ज्यात वडिलांचं फोनपे आहे.

"गेमसाठी एवढं कशाला?" असं विचारणारे वाचक आहेत, त्यांचा रागही समजतो. पण लातूर पॅटर्नची नीटची शिकवणी घरी बसून ऑनलाईन करणाऱ्या मुलीला जो अडथळा येतो, सर बोलतात आणि आवाज तुटतो, शंका विचारली की पाच सेकंदांनी पोचते, तो ह्याच रांगेचा अडथळा आहे. पुण्याला असलेल्या लेकाचा व्हिडिओ कॉल गोठतो तोही हाच. गेम खेळणारा पोरगा घरात सगळ्यात आधी ओरडतो इतकंच. खेळाचंही चित्र पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाईन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे गेम बंद करायचे आणि ई-स्पोर्ट्सला चालना द्यायची असं ठरवलं. म्हणून पोरांनी एक लक्षात ठेवावं : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वीस-पन्नास रुपये गोळा करून बक्षीस वाटणाऱ्या 'कस्टम रूम'ला कायदा ई-स्पोर्ट्स म्हणेल याची खात्री नाही. त्यात पैसे अडकवू नका.

खरा प्रश्न जबाबदारीचा आहे. आपल्याला प्लॅन विकताना एमबीपीएस सांगतात, पिंग कुणी सांगत नाही. ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यात वेगासोबत उशीर, पॅकेट गळणं आणि उशिरातला चढउतार हेही मोजायचे आहेत. तारेच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भाड्यात सूट द्यायची तरतूद आहे. पण गावात तक्रार होते कशी? लाईनवाल्या ओळखीच्या पोराला फोन, "दादा, बघतो की उद्या," आणि संपलं. त्याची नोंद कुठंच नाही. तक्रार कंपनीच्या कॉल सेंटरला करा आणि डॉकेट नंबर लिहून घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं. ट्राय स्वतः एकेकट्याची तक्रार घेत नाही, तेव्हा तिकडं पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नका. स्थानिक लाईनवाला कोणत्या कंपनीच्या नावानं बिल देतो ते आधी बघा. बिलच देत नसेल तर डॉकेट नंबर मागायचा कुणाला, हे महिन्याचे पैसे देतानाच विचारून घ्या.

आणि शेवटी त्या ग्रामपंचायतीतल्या डब्याचं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ ला मंजूर झाली, तिचंच पुढं भारतनेट झालं. देशभर अनेक गावांत तार आली, यंत्र बसलं आणि वीज, बॅटरी, तुटलेली केबल अशा कारणांनी बंद पडलं. तार एका गावातून पुढच्या गावात सरळ रेषेत गेलेली, म्हणून एका ठिकाणी जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात तार रिंगणात फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं नेट चालू राहील, आणि गावातल्याच उद्यमी पोरांमार्फत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या द्यायच्या आहेत. आपल्या घराचा पिंग सुधारण्याची सगळ्यात मोठी शक्यता २०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये नाही, या तारेत आहे.

पुढची ग्रामसभा भरली की तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. पंचायतीतला भारतनेटचा डबा आज चालू आहे का, नसेल तर कधीपासून बंद? आपलं गाव रिंगणात आलं की अजून सरळ रेषेवरच आहे? आणि गावात नाली-रस्ता खोदणारा ठेकेदार खोदण्याआधी 'कॉल बिफोर यू डिग' या सरकारी अ‍ॅपवर कळवतो का? हे अ‍ॅप मार्च २०२३ पासून आहे. तुमच्या गावात काय उत्तर मिळालं ते आम्हालाही कळवा, गावाच्या नावासह छापू.