घरात कुणाला कॅन्सर होता का?



सरकारी दवाखान्यात डॉक्टर हा प्रश्न विचारतात आणि आपली बाई गप्प राहते. आजी पोटात पाणी होऊन गेली, आत्याच्या छातीत गाठ होती, एवढंच तिला माहीत असतं. कागद नसतात. असले तरी खोली बदलताना हरवलेले.

या गप्प राहण्याची किंमत मोठी आहे. सगळे कॅन्सर वारशाने येत नाहीत. शंभरात साधारण पाच ते दहाच येतात. पण बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकात बिघाड असला, तर स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. तो बिघाड प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता ५० टक्के असते. तो बापाकडूनही येतो. तरी दोष मात्र बाईच्या माहेराला! आधी कुणाची चाचणी करायची, तपासण्या कधीपासून सुरू करायच्या, कोणत्या नातेवाइकांना सांगायचं, हे जनुकीय समुपदेशक समजावतो.

पण हे समुपदेशक मोजके, तेही मोठ्या शहरांत. तालुक्यातल्या बाईला त्यांच्याकडे पाठवायचं हे ठरवणार कोण? इथे आरोग्य नोंदीचं तंत्रज्ञान उपयोगी पडतं. २०२१ पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या डिजिटल आरोग्य मिशनमध्ये १४ आकडी आभा क्रमांक मिळतो. त्याला जोडलेल्या नोंदीत तीन पिढ्यांचे आजार भरले, तर संगणक साध्या नियमांवर इशारा देऊ शकतो: कमी वयात स्तनाचा कॅन्सर, बीजांडकोशाचा कॅन्सर, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, तर समुपदेशकाकडे पाठवा. दुसरा फायदाही आहे. चाचणीत कधीकधी "या बदलाचा अर्थ आज सांगता येत नाही" असा निकाल येतो. पुढे अर्थ कळला, तर नोंदीतून त्या बाईला शोधून कळवता येतं.

"म्हणजे आपलं रक्तसुद्धा सरकारच्या हाती द्यायचं?" असं कार्यकर्ते विचारतात. प्रश्न योग्यच आहे. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. "वाहक" हा शब्द लग्नाच्या बोलणीत काय करतो, हे तिथल्या मुलींना विचारा. बाबासाहेबांनी १९१६ सालीच सांगितलं की जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. उद्या जनुकाच्या नावाने कुणी "अमुक जातीचं रक्त खराब" म्हणू लागलं, तर ती जुनीच विटाळाची भाषा असेल.

पण म्हणून नोंदच नको म्हणणं हा उपाय नव्हे. पैसेवाल्यांची नोंद खासगी हॉस्पिटलात होतेच. नोंदीवाचून मरतो तो आपला माणूस. म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. नोंदीत जातीचा रकाना नको. संमती मराठीत, समजावून घ्या. नकार दिला म्हणून उपचार थांबता कामा नये. जिल्हा रुग्णालयात समुपदेशक नेमा आणि चाचणी मोफत करा, नाहीतर संगणकाचा इशारा नुसता घाबरवण्यापुरता. आणि कायदा करा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली विम्यातला जनुकीय भेदभाव घटनाबाह्य ठरवला. अमेरिकेत २००८ पासून आरोग्य विमा आणि नोकरीतल्या अशा भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तो नाही.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. येत्या रविवारी आजीजवळ वही घेऊन बसा. कोण, कोणत्या वयात, कशाने गेलं, ते लिहा. आईकडचं आणि बापाकडचंही.

जय भीम!