नाव वाद्याचे, हात कोणाचे?

बेस गिटारच्या शौकिनांमध्ये एक मत आता जवळजवळ श्रद्धेच्या पातळीला पोचले आहे. आवाज मनासारखा येत नसेल तर पिकअप बदलावा, घोडी बदलावी, खुंट्या बदलाव्यात, अधिक शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. एवढ्यानेही समाधान झाले नाही तर वाद्यच बदलावे. या क्रियेला ‘अपग्रेड’ असे भारदस्त नाव आहे. संगीताची म्हणून सुरू झालेली चर्चा पाहता पाहता किंमतपत्रकाची चर्चा होते आणि वादकाने काल कोणती रचना बसवली, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. त्याने काल काय विकत घेतले, एवढेच विचारले जाते.

हा एक निरुपद्रवी छंद आहे, त्यावर रकाने भरण्याचे कारण काय, असा आक्षेप येईल. कारण असे की, माणसाच्या अंगचे कौशल्य त्याच्यापासून तोडून वस्तूच्या अंगी चिकटवायचे आणि मग ती वस्तू त्यालाच विकायची, हा बाजाराचा जुना व्यवहार येथे जितका उघडा दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसतो. ज्यांना श्रमाच्या प्रश्नाशी कर्तव्य आहे, त्यांनी खर्जाच्या या चार तारांकडे जरा लक्ष द्यावे.

प्रथम वाद्याला त्याचे श्रेय दिले पाहिजे. १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे, एके काळी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्यापूर्वी खर्जाचे काम डबल बेसकडे होते. माणसाच्या उंचीचे ते धूड गावोगाव वाहून न्यायचे आणि ढोल-तुताऱ्यांच्या गजरात त्याचा आवाज बुडताना पाहायचा, हे वादकाच्या नशिबी असे. नवे वाद्य गळ्यात अडकवता येई, विजेवर मोठ्याने वाजे आणि दांडीवर पडदे असल्याने स्वर अचूक लागे. ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच पडले. काम करणाऱ्याचे ओझे हलके करणारी ही सुधारणा होती आणि अशा सुधारणेला विरोध करणे हा शुद्ध प्रतिगामीपणा ठरेल.

परंतु याच इतिहासातील दुसरी वस्तुस्थिती शौकीन सोयीस्करपणे विसरतो. १९५७ साली या वाद्याच्या पिकअपला दोन तुकड्यांत विभागलेली जी रचना मिळाली, ती त्यात आजही मूलतः तीच आहे. लोहचुंबक, त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि वर थरथरणारी पोलादी तार, एवढाच हा मामला आहे. साठ-पासष्ट वर्षांत ज्याच्या गाभ्यात फारसा बदल करावा लागला नाही, त्याची नवी आवृत्ती दरवर्षी निघते ती कोणाच्या गरजेसाठी? वादकाच्या गरजेसाठी खास नव्हे. एकदा घेतलेले चांगले वाद्य जन्मभर टिकते आणि जन्मभर टिकणारी वस्तू ही कारखानदाराची अडचण असते. वस्तू झिजत नसेल तर तिच्याविषयीचे समाधान झिजवावे लागते. ‘अपग्रेड’ म्हणजे हे समाधान झिजवण्याचे तंत्र होय.

याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षभरातच ती सोडून देतात आणि जे थोडे टिकतात ते आयुष्यभरात अनेक गिटारी व अनेक अ‍ॅम्प्लिफायर घेतात, असे फेंडर कंपनीच्या प्रमुखांनीच जाहीरपणे सांगितले आहे. म्हणजे दहातले नऊ जण शिकण्याआधीच हरतात आणि उरलेल्या एकाकडून बाजार आपला हिशेब पुरा करून घेतो. आपण स्वतःची आवड जोपासतो आहोत, असे त्या एकाला वाटत असते. कंपनीच्या वहीत मात्र त्याच्या आवडीची नोंद अपेक्षित विक्रीच्या खात्यावर आधीच झालेली असते.

आता आवाज कोठून येतो, या प्रश्नाकडे वळू. विद्युत् बेसच्या इतिहासात जेम्स जेमरसन यांच्याइतका प्रभाव फार थोड्यांचा आहे. १९३६ साली दक्षिण कॅरोलायनात जन्मलेला हा कृष्णवर्णीय वादक १९५४ साली डेट्रॉइटला आला आणि १९५९ पासून मोटाउन कंपनीसाठी वाजवू लागला. त्याचे मुख्य वाद्य म्हणजे १९६२ सालचा एक साधा प्रिसिजन बेस. जाड, सपाट वेढ्याच्या तारा, त्याही तुटल्याखेरीज सहसा न बदललेल्या. पट्टीपासून उंच राहिलेल्या त्या तारा दाबताना एखाद्या नवशिक्याची बोटे सोलून निघाली असती. घोडीजवळ आवाज दाबण्यासाठी स्पंजाचा तुकडा आणि छेडायला उजव्या हाताची केवळ तर्जनी. ध्वनिमुद्रणाच्या वेळी बहुधा अ‍ॅम्प्लिफायरही मध्ये नसे. वाद्याची तार थेट मिश्रणयंत्राला जोडलेली असे. आजच्या शौकिनाच्या कसोटीला यातले जवळजवळ काहीच उतरणार नाही. तरीही १९६७ च्या ‘बर्नाडेट’मधील त्याचा खर्ज आजचे वादक एकेक मात्रा मोजून अभ्यासतात. लहानपणी कानावर पडलेले चर्चमधील गाणे, डबल बेसवर घोटलेले जॅझ आणि रात्री क्लबमध्ये, दिवसा स्टुडिओत अशी वर्षानुवर्षांची मेहनत त्या एका बोटात उतरली होती. ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.

या कलावंताला काय मिळाले? मोटाउनचे संस्थापक बेरी गॉर्डी यांनी फोर्डच्या लिंकन-मर्क्युरी कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केले होते. कुटुंबाकडून घेतलेल्या ८०० डॉलरच्या कर्जावर १९५९ साली त्यांनी कंपनी काढली आणि गाण्यांची निर्मितीही त्याच पट्ट्याच्या धर्तीवर आखल्याचे ते स्वतःच सांगत. पट्ट्यावरच्या कामगाराचे नाव मोटारीवर नसते, तसे या वादकांचे नाव तबकडीवर नसे. जेमरसनचे नाव प्रमुख मोटाउन ध्वनिमुद्रिकेवर आले ते १९७१ साली, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर, म्हणजे कामाच्या बाराव्या वर्षी. १९७२ साली कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला आणि डेट्रॉइटमधील बहुतेक वादक मागेच राहिले. जेमरसन तिकडे गेला, पण त्याचा जम पुन्हा बसला नाही. मद्याने शरीर पोखरले होते. त्याचा तो १९६२ चा बेस चोरीला गेला आणि लवकरच, २ ऑगस्ट १९८३ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. १९८८ साली मोटाउन विकली गेली ती ६ कोटी १० लाख डॉलरना.

आणि आता उपहासाची परिसीमा पाहा. ज्या माणसाने तारा बदलल्या नाहीत, त्याच्या नावाने आज तारांचे संच विकले जातात. ज्या काळातले त्याचे वाद्य होते त्या काळातली वाद्ये, म्हणजे जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना फेंडर विकत घेण्यापूर्वीची, आज संग्राहकांच्या तिजोरीतील ठेव झाली आहेत. ज्यांना ती परवडत नाहीत त्यांच्यासाठी फेंडरने १९९५ पासून आणखी एक सोय केली आहे. नव्या कोऱ्या वाद्याचा रंग कारखान्यातच खरवडायचा, लाकडाला पोचे पाडायचे, धातूवर गंज चढवायचा आणि या ‘जुनेपणा’साठी ग्राहकाकडून जास्त पैसे घ्यायचे. घामाने आणि वापराने वीस वर्षांत उमटणाऱ्या खुणाही आता मजुरी देऊन करून घेता येतात. कष्टाचा देखावा विकत मिळू लागला, की कष्ट करणाऱ्याची आठवणही नकोशी होते.

असल्या खुणा पाडणारे आणि एरवी दांड्या तासणारे, पडदे बसवणारे हात कोणाचे आहेत, हे कोठल्याही जाहिरातीत सापडत नाही. ‘मागणी वाढली तर कामगारालाच काम मिळते’ असा युक्तिवाद करणाऱ्यांनी दक्षिण कोरियातील कॉर्ट कंपनीच्या कामगारांची हकीकत वाचावी. ही कंपनी स्वतःच्या नावाने आणि इतर जगप्रसिद्ध नावांसाठीही गिटारी व बेस बनवी. कामगारांनी संघटना उभारली. २००७ साली इंचॉन आणि देजॉन येथील कारखाने बंद झाले, कामगार रस्त्यावर आले आणि उत्पादन इंडोनेशिया व चीनमधील कारखान्यांत गेले. कारखान्याला खिडक्याही नव्हत्या, असे कामगार सांगत. न्यायालये, धरणी, उपोषणे असा लढा बारा वर्षे चालला. वाद्ये बनवण्यात आयुष्य गेलेल्या या माणसांनी स्वतःचे वाद्यवृंद पथक काढून आंदोलनात गाणी म्हटली. एका कामगाराच्या ४२ दिवसांच्या उपोषणानंतर एप्रिल २०१९ मध्ये तडजोड झाली. कंपनीने खेद व्यक्त केला आणि भरपाई मान्य केली. त्या बारा वर्षांत जगभर विकल्या गेलेल्या गिटारींची मागणी काही कमी नव्हती. मागणी होती, काम होते, आणि कामगार तेवढा बाहेर होता.

जी गोष्ट हातांची तीच लाकडाची. पट्टीसाठी वापरली जाणारी भारतीय शिसव सह्याद्रीच्या जंगलांतही वाढते. ब्राझीलच्या शिसवीची इतकी तोड झाली की १९९२ साली तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद करावा लागला. २०१७ पासून शिसवीच्या सर्व जातींवर नियंत्रण आले. परंतु २०१९ साली या नव्या नियंत्रणातून तयार वाद्ये वगळण्यात आली. शिसवीचे झाड जाड व्हायला कित्येक दशके लागतात. शौकिनाचे मन बदलायला एक जाहिरात पुरते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींना उत्तर देणे आवश्यक आहे. पहिला असा की, वाईट वाद्यावर शिकता येत नाही. हे खरेच आहे. दांडी वाकलेली असेल, पडद्यांवर स्वर खरा लागत नसेल, तर शिकणाऱ्याचा उत्साह मरतो. परंतु त्यावरचा उपाय बहुधा दुरुस्तीचा असतो. दांडीतील सळई पिळून बाक काढणे, तारांची उंची जुळवणे, घोडी सरकवून स्वर खरा करणे, ही जाणत्या कारागिराची तासा-दोन तासांची कामे आहेत. मिरजेच्या कारागिराकडून तंबोऱ्याची जवारी लावून घेणारा गवई त्यासाठी नवा तंबोरा घेत नाही. तोच तंबोरा पुढच्या पिढीच्या मांडीवर जातो. कारागिराच्या कौशल्याला मोल देणारी ही संस्कृती आणि सुटा भाग फेकून नवा घ्यायला लावणारी संस्कृती, यांत निवड करायची आहे.

दुसरा आक्षेप अधिक मर्मावर बोट ठेवणारा आहे. दिवसभर राबणाऱ्या माणसाने एक सुंदर वस्तू घेतली तर कोणाचे काय बिघडते? समाजवाद म्हणजे का दारिद्र्याचे गोडवे? मुळीच नव्हे. सौंदर्यावर श्रमिकाचा हक्क पहिला आहे आणि त्याने उत्तमातले उत्तम वाद्य वाजवावे. तक्रार त्याच्या आनंदाविषयी नाही; तो आनंद सतत पुढे ढकलला जातो, याविषयी आहे. पुढचा पिकअप, पुढचा अ‍ॅम्प्लिफायर, पुढचा हप्ता अशा वाटेने चालणाऱ्याला वाजवायला वेळ उरत नाही. कारण तो पैसा मिळवण्यासाठी त्याला आणखी तास विकावे लागतात. रियाजाचे तास विकून रियाजाचे साहित्य घेणे, हा सौदा कोणाच्या फायद्याचा आहे?

हा केवळ परदेशचा प्रश्न आहे, असे समजून स्वस्थ बसण्याचेही कारण नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा डोलारा ज्यांनी उभा केला त्यांत गोव्याहून आलेल्या वादक-संयोजकांचा वाटा फार मोठा आहे. शंकर-जयकिशन यांच्या संगीताचे संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा, राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात बेस वाजवणारे टोनी वाझ, ही नावे त्या गाण्यांवर वाढलेल्या किती श्रोत्यांना ठाऊक आहेत? तबकडीच्या वेष्टनावर गायक, कवी आणि संगीतकार असत. बाकीचे ‘वाद्यवृंद’ या एका शब्दात गाडले जात.

म्हणून शौकिनापुढे आणि संगीतप्रेमी कार्यकर्त्यांपुढे काही साध्या मागण्या ठेवता येतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणावर प्रत्येक वादकाचे नाव असावे आणि त्याच्या कमाईत त्याचा वाटा असावा. वाद्य घेताना ते कोणी, कोठे आणि कोणत्या अटींवर बनवले, हे विचारले जावे आणि उत्तर देणे विक्रेत्याला भाग पडावे. शाळांत व वस्त्यांतील वाचनालयांत पुस्तकांप्रमाणे वाद्येही घरी न्यायला मिळावीत. कपाटात पडून असलेल्या चौथ्या-पाचव्या गिटारीची खरी जागा तेथे आहे. आणि पुढच्या ‘अपग्रेड’साठी बाजूला काढलेले पैसे एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या हाती पडावेत.

असे झाले तर कारखान्यांची विक्री कदाचित घटेल. वाजवणारे मात्र वाढतील.