मादी कोळ्याची ठेव

घराच्या कोपऱ्यात कोळी दिसला, की हात प्रथम केरसुणीकडे जातो. हा जीव ओंगळ व निरुपयोगी आहे, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु ज्याने भातखाचराच्या बांधावर लांडगा-कोळ्याची मादी पाहिली असेल, त्याला ही समजूत खोटी वाटल्यावाचून राहणार नाही.

ही मादी जाळे पसरून बसत नाही. धावत जाऊन शिकार करते. पिकावरील तुडतुडे हे तिचे भक्ष्य. अंडी घालण्याची वेळ आली, की ती रेशमी धाग्यांची एक चकती विणते. तीवर अंडी घालून ती वरून दुसरे आवरण घालते आणि कडा सांधून लहानशी गोल पिशवी तयार करते. मग ती पिशवी पोटाच्या टोकाला बांधून ती सर्वत्र वावरते. कोणी पिशवी हिसकावू लागले, तर ती सहजासहजी सोडत नाही. दिवस भरले, की तीच पिशवीची शिवण उसवते आणि बाहेर पडलेली पिले तिच्या पाठीवर चढून बसतात.

फ्रान्समधील थोर कीटकनिरीक्षक झाँ आंरी फाब्र (१८२३–१९१५) याने अशा एका मादीची पिशवी काढून घेतली व तिच्यापुढे बुचाची गोळी टाकली. तिने तीच आपली मानून जवळ केली! यावरून कोणी म्हणेल, ‘ही माया कसली? ही तर आंधळी सहजप्रेरणा.’

हे म्हणणे खरेही असेल. पण दिव्याला आपण कोणासाठी जळतो हे ठाऊक नसते, म्हणून त्याचा उजेड उणा ठरत नाही. त्या प्रेरणेने शेकडो जीव जगतात आणि शेतकऱ्याच्या पिकाची राखण होते. शिवाय, कोळ्याला बूच आणि अंडी यांतील भेद कळत नसला, तरी माणसाला तो कळतो. ज्याला कळते, त्याच्यावरच जबाबदारी अधिक.

घर स्वच्छ ठेवू नये, असा याचा अर्थ नव्हे. रिकामी जळमटे खुशाल झाडावीत. मात्र पिशवी सांभाळणारी मादी आढळली, तर तिला कागदावर अलगद घेऊन कुंपणापाशी सोडावे. त्यास क्षणभराचा वेळ लागतो. केरसुणीच्या एका फटक्याने मात्र एक संपूर्ण कुटुंब नाहीसे होते.