क्रमांक नको, कारण सांगा

कोणत्याहि कलेच्या रसिकांत वाद व्हावेत, हें ती कला जिवंत असल्याचें लक्षण होय. ज्या गाण्याविषयीं कोणीच भांडत नाहीं, तें गाणें बहुधा कोणी ऐकतहि नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंत १९६० नंतरच्या दोन दशकांत जें गिटारप्रधान संगीत निर्माण झालें आणि जें पुढें 'क्लासिक रॉक' व 'गिटार पॉप' या नांवांनीं ओळखलें जाऊं लागलें, त्याच्या चाहत्यांना तर वादाचें व्यसनच आहे. बीटल्सची कोणती तबकडी श्रेष्ठ, बीच बॉइज थोर कीं बर्ड्स थोर, अमुक आल्बम अवास्तव गाजला कीं तमुक अन्यायानें उपेक्षिला गेला, यांवर जगभर अहोरात्र खल चालतो. आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांतहि हें संगीत आतां इतकें घरचें झालें आहे, कीं बाप आणि मुलगी यांच्यांत एखाद्या तबकडीवरून भर पंक्तींत खटका उडावा. अशा वादांबद्दल आमची मुळींच तक्रार नाहीं. ते ज्या रीतीनें संपविले जातात तिच्याबद्दल मात्र आहे.

या रीती दोन आहेत. पहिली क्रमांकाची: "अमुक यादींत ही तबकडी पहिली आहे, आतां बोलणेंच खुंटलें!" दुसरी औदार्याची: "असो, ज्याची त्याची आवड!" पहिली हुकूमशहासारखी दिसते, दुसरी उदारमतवाद्यासारखी. परंतु दोहींचें कूळ एकच आहे. आपल्या मताचें कारण सांगण्याची जबाबदारी दोन्ही टाळतात, आणि ती टळली कीं रसिकतेस उतरती कळा लागते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम क्रमांकाचा समाचार घेऊं. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकानें २००३ सालीं सर्वकालीन श्रेष्ठ अशा ५०० आल्बमांची यादी प्रसिद्ध केली. तींत पहिला मान बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ला मिळाला, आणि २०१२ च्या आवृत्तींतहि तो अबाधित राहिला. २०२० सालीं नव्या मतदारांस बोलावून नवी यादी केली, तेव्हां मार्व्हिन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला आणि 'सार्जंट पेपर' चोविसाव्या स्थानीं गेला. २००३ च्या पहिल्या दहांत बीटल्सचे चार आल्बम होते; २०२० च्या पहिल्या दहांत 'ॲबी रोड' हा एकच उरला. आतां आम्ही विचारतों, मधल्या आठ वर्षांत 'सार्जंट पेपर'चें असें काय बिघडलें? १९६७ सालीं जे सूर फितीवर उतरले, त्यांतला एकहि त्यामुळें बेसूर झाला नाहीं. बदलले ते मतदार. म्हणजे आकडा सांगतो तें मतदारांविषयीं. तबकडीविषयीं तो मुकाच राहतो.

कृष्णवर्णीय कलावंतांस व स्त्रियांस जुन्या यादीनें मागें बसविलें होतें, नवीनें त्यांस पुढें आणलें; हें न्याय्यच झालें. मार्व्हिन गे यांची १९७१ ची ती कृति पहिल्या पंक्तीची आहे याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु तिच्यांत एक गाणें संपतां संपतां दुसऱ्यांत मिसळून जातें. युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या नजरेनें तो गायक आपल्या देशाकडे पाहतो. आणि आपल्याच आवाजावर आपलाच दुसरा आवाज चढवून तो जणूं स्वतःशीं बोलतो, हें 'पहिला' या एका शब्दांतून कोणास कळणार? यादींत प्रत्येक नांवाखालीं चार ओळी छापलेल्या असतात हें खरें. पण वाचक आकडा वाचतो आणि ओळी सोडून देतो. एका आकड्यानें केलेला अन्याय दुसऱ्या आकड्यानें धुऊन निघाला तरी श्रोत्याचे कान होते तेथेंच राहतात.

शिवाय ज्या वस्तूस क्रमांक द्यावयाचा ती वस्तु एकच आहे, हें तरी कोणी पाहिलें आहे काय? बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' १९६६ सालीं निघाला. इंग्लंडांत त्यावर १४ गाणीं होतीं, अमेरिकेंत ११. जॉन लेनन यांचीं तीन गाणीं अमेरिकन कंपनीनें आधींच 'यस्टर्डे अँड टुडे' या दुसऱ्या तबकडींत घालून विकलीं होतीं. त्यामुळें लंडनच्या श्रोत्यास लेनन यांचीं पांच गाणीं ऐकूं आलीं, तर न्यूयॉर्कच्या श्रोत्यास दोनच, म्हणजे जॉर्ज हॅरिसन यांच्या तीन गाण्यांहूनहि एक कमी. १९८७ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क निघाल्यावर तिकडेहि इंग्रजी आवृत्ति रूढ झाली. तोंवर वीस वर्षें या दोन देशांतील रसिक 'रिव्हॉल्व्हर'वर वाद घालीत होते, ते एकाच नांवाच्या दोन निरनिराळ्या तबकड्यांवर!

'सार्जंट पेपर'चीहि तीच कथा. बीटल्सनीं स्वतः लक्ष घातलें तें एकाच ध्वनिमार्गाच्या, म्हणजे मोनो, मिश्रणांत. स्टीरिओ मिश्रण मागाहून इतरांनीं थोड्या वेळांत उरकलें. 'शीज लीव्हिंग होम' हें गाणें मोनोंत अधिक जलद आणि अधिक उंच स्वरांत आहे. स्टीरिओंत तें मंदावतें व अधिक करुण वाटतें. एकानें म्हणावें, "हें गाणें रडवें आहे," दुसऱ्यानें म्हणावें, "छे, मुळींच नाहीं," आणि दोघेहि आपापल्या घरीं खरे असावेत! क्रमांकानें हा गुंता कधींच सुटावयाचा नाहीं. "तुम्ही कोणती प्रत ऐकली, आणि कोठें तुम्हांस तसें वाटलें?" एवढा एक प्रश्न विचारला कीं तो घटकेंत सुटतो.

याच्या उलट, सकारण मताचें मोल पाहा; मग तें मत प्रतिकूल कां असेना. 'सार्जंट पेपर' निघाला तेव्हां स्तुतीचा नुसता पूर लोटला होता. त्या पुरांत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण टीकाकारानें उलट लिहिलें. ध्वनीच्या करामतींखालीं गाणीं दुबळीं पडलीं आहेत, शेवटचें 'अ डे इन द लाइफ' तेवढें खरें, असा त्याचा आशय होता. वाचक खवळले आणि निषेधाच्या पत्रांचा त्याच्यावर वर्षाव झाला. आम्हांसहि तें मत मान्य नाहीं. परंतु तें वाचल्यावर श्रोता तबकडी पुन्हां लावतो, करामत कोणती आणि गाणें कोणतें हें निवडूं लागतो, आणि त्या टीकाकारास खोटें ठरविण्याकरितां का होईना, पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें इतक्या बारकाईनें ऐकतो. अशा एका प्रतिकूल परीक्षणानें त्या तबकडीची जी सेवा केली, ती पहिल्या क्रमांकाच्या दोन पदव्यांनीं केली नाहीं.

आणि जीं नांवें कोणत्याच यादींत नव्हतीं त्यांचें काय? झॉम्बीज या इंग्रज वाद्यवृंदानें 'ओडेसी अँड ऑरॅकल' हा आल्बम १९६७ सालीं मुद्रित केला. तो एप्रिल १९६८ मध्यें बाहेर पडला तेव्हां वृंद मोडूनहि गेला होता. अल कूपर या अमेरिकन वादकानें लंडनहून ती तबकडी आपल्या देशीं नेली आणि ती तेथें प्रसिद्ध करण्याचा कोलंबिया कंपनीपाशीं आग्रह धरला. त्या आग्रहाचें फळ असें, कीं तीमधील 'टाइम ऑफ द सीझन' हें गाणें १९६९ सालीं अमेरिकेंत तिसऱ्या स्थानापर्यंत चढलें. किंक्सचा 'व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' २२ नोव्हेंबर १९६८ रोजीं निघाला, आणि त्याच दिवशीं बीटल्सची पांढऱ्या वेष्टनाची जोडतबकडीहि निघाली! किंक्सच्या तबकडीस खपाच्या कोष्टकांत स्थानच मिळालें नाहीं. मेम्फिसच्या बिग स्टार या वृंदानें तर १९७२ सालीं आपल्या पहिल्या आल्बमचें नांवच 'नंबर वन रेकॉर्ड' ठेविलें. वितरण असें फसलें कीं ती दुकानांतहि धड पोंचली नाहीं. आज हीं तिन्ही नांवें आदरानें घेतलीं जातात. त्यांस वांचविलें कोणीं? कोणत्याहि यादीनें नव्हे. एका श्रोत्यानें दुसऱ्याच्या हातीं तबकडी दिली आणि म्हटलें, "ऐक, आणि अमक्या ठिकाणीं कान दे." बिग स्टारचे गायक ॲलेक्स चिल्टन यांच्या नांवाचेंच गाणें रिप्लेसमेंट्स या वृंदानें १९८७ सालीं केलें, तें अशाच प्रेमापोटीं. यादीची वाट पाहत बसते तर हीं नांवें केव्हांच विस्मृतींत गेलीं असतीं.

आतां दुसऱ्या रीतीकडे वळूं. "आवडीला कारण नसतें" असें म्हणणाऱ्यांस आमचा सवाल असा: कोणास गूळ आवडतो, कोणास साखर, तेथें वाद नको हें मान्य, पण तबकडी ही गुळाची ढेप आहे काय? तींत निवडून दाखवितां येतील अशा जागा असतात. उदाहरणार्थ, बर्ड्सच्या रॉजर मॅग्विन यांनीं १९६५ सालीं बारा तारांची रिकेनबॅकर गिटार पुढें आणली. तिचा ध्वनि यंत्रानें दाबून असा घडविला, कीं छेडलेला स्वर लगेच न विझतां घंटेसारखा निनादत राहावा. १९८३ सालीं आर. ई. एम. या वृंदाच्या 'मर्मर' या आल्बमांत पीटर बक यांची गिटार ऐकून कोणी म्हणेल, "ही तर बर्ड्सची नक्कल!" दुसरा उत्तर देईल, "नाहीं. बर्ड्सच्या गाण्यांत शब्द स्वच्छ आहेत, तिघाचौघांचे आवाज एकजीव होऊन पुढें उभे राहतात आणि गिटार त्यांभोंवतीं झळाळते. 'मर्मर'मध्यें शब्द मुद्दामच अस्पष्ट ठेविले आहेत, म्हणून अर्थाचा भार गिटारीस वाहावा लागतो." हा वाद कानांनीं तपासतां येतो. त्यांत एक हरला तरी दोघांनाहि दोन्ही तबकड्या अधिक कळतात. "ज्याची त्याची आवड" म्हणून तोच वाद आरंभीं मोडला असता, तर दोघेहि जेथल्या तेथेंच राहिले असते.

हें आमच्या वाचकांस नवें नाहीं. किराण्याचा रसिक सुराच्या ठहरावाचा दाखला देतो, जयपूर-अत्रौलीचा रसिक तानेच्या पेंचदार बांधणीचा. दोघेहि हट्टी असतील, पण दोघेहि जागा दाखवितात. पांचशें बंदिशींस एक ते पांचशें असे आंकडे लावण्याचा खटाटोप त्यांपैकीं कोणी केल्यास बैठकींत हंसेंच होईल. मग जी शिस्त आम्ही तंबोऱ्यापाशीं पाळतों ती गिटारीपाशीं कां सोडावी?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. आज सारें संगीत हाताशीं आलें असतांना नवख्यानें आरंभ तरी कोठून करावा? यादी ही त्याची वाटाड्या नव्हे काय? आमचें उत्तर असें, कीं वाटाड्या वाट दाखवितो. यात्रेकरूस आधींच दर्शनाचें फळ वांटीत नाहीं. ज्या मुलास "ही जगांतील दुसरी श्रेष्ठ तबकडी" म्हणून बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' दिला, तो ती परीक्षेस बसल्यासारखी ऐकतो. आवडली नाहीं तर स्वतःस कमी लेखतो, नाहीं तर यादी करणारांस मूर्ख ठरवितो. त्यालाच कोणी सांगावें, "यांत खालचा बेस-गिटारीचा स्वर पुष्कळदां स्वरसंघाच्या मूळ स्वरावर उभा राहत नाहीं, दुसऱ्याच स्वरावर राहतो, म्हणून तें गाणें जमिनीस पाय न टेकतां तरंगल्यासारखें वाटतें. तें तुला जाणवतें का पाहा." त्या मुलास ऐकावयास कांहीं तरी मिळालें. त्याला तें तरंगणें रुचो वा न रुचो, आपलें मत तो आतां आपल्या कानांनीं बनवील.

हेंहि ध्यानांत ठेवावें, कीं 'क्लासिक रॉक' हा वर्गच मुळीं रसिकांनीं पाडलेला नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकन रेडिओ-केंद्रांनीं ठराविक वयाच्या श्रोत्यांस बांधून ठेवण्याकरितां तो रूढ केला, आणि तींच तीं गाणीं फिरफिरून वाजविलीं. वारंवार वाजलेलें तें थोर आणि न वाजलेलें तें गौण, ही समजूत तेथून पसरली. क्रमवारी ही त्याच समजुतीची सख्खी बहीण. व्यापाऱ्यास तिच्यापासून लाभ आहे हें उघड आहे. रसिकानें ती फुकट कां वाहावी, हें मात्र आम्हांस उमगत नाहीं.

प्रश्न केवळ परदेशीं गाण्यांचा असता तर इतकें लिहिण्याचें कारण नव्हतें. जो तरुण तबकडीविषयीं उसना आंकडा बोलण्यास शिकतो तो उद्यां पुस्तकाविषयीं, नाटकाविषयीं, आणि अखेर माणसांविषयींहि तसाच बोलूं लागतो. आणि जो "ज्याची त्याची आवड" म्हणून गप्प बसण्यास शिकतो, त्याला जेथें बोलणें अवश्य आहे तेथेंहि शब्द सुचत नाहींत. घरांतील वाद हें यावरचें उत्तम औषध आहे. म्हणून आमची सूचना एवढीच: पुढल्या खेपेस मुलगी म्हणाली कीं "अमका आल्बम सर्वांत श्रेष्ठ," तर तिला यादी दाखवूं नका, आणि "असेल बुवा" म्हणून पानावरून उठूंहि नका. "कोठें? कोणत्या गाण्यांत? कोणत्या जागीं?" असें विचारा, ती दाखवील ती जागा तिच्याबरोबर बसून ऐका, आणि आपलें मत निराळें असेल तर आपलीहि जागा तिला दाखवा.