स्वस्त घर, महाग घर



मुलांच्या अब्बांना न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात कारकुनाची नोकरी लागली आणि आम्ही खेड तालुक्यातलं घर बंद करून निघालो. पगार बावीस हजार. दोन मुलं, सोबत अम्मी. घर शोधायला एका नातेवाइकाकडे पंधरा दिवसांची मुदत. यंदा आमच्या ओळखीची तीन घरं याच वाटेनं आली, म्हणून हा अनुभव सांगतो.

आधी पनवेल पाहिलं. जुनं शहर, मशीद जवळ, बाजार जवळ, शाळा जवळ. एजंटनं तीन फ्लॅट दाखवले. पहिल्या ठिकाणी मालकानं नाव विचारलं आणि म्हणाला, "सोसायटीत चालणार नाही." दुसऱ्या ठिकाणी चावी हरवली. तिसऱ्या ठिकाणी घर सकाळीच गेलेलं होतं, पण पाटी संध्याकाळीही तशीच होती. अम्मी जिन्यातच बसल्या. म्हणाल्या, "मिळेल ते घ्या, पण आता दारोदार नको."

नेमकं हेच वाक्य ऐकून एजंट म्हणाला, "एका गावात खोली आहे. तीन लाख हेवी डिपॉझिट द्या, भाडं शून्य. कागदाची कटकट नाही. जाताना तीन लाख परत." आम्ही दागिन्यांचा हिशेब मांडायलाही बसलो.

थांबवलं मामूंनी. "तुम्ही तीन लाख देणार, फुकट राहणार आणि तीन लाख पूर्ण परत घेणार. मग हे राहणं कशाच्या बदल्यात? उसन्या दिलेल्या पैशावरचा नफाच झाला ना?" मौलानांना विचारलं. त्यांनीही सांगितलं की, यात व्याजाचा प्रकार येतो. रास्त भाडं ठरवा, अनामत थोडीच ठेवा. मामूंचा दुसरा प्रश्न साधा होता : कागद नाही, तर पैसे परत मागायचे कशाच्या जोरावर?

तेव्हा आमच्या लक्षात आलं. चार ठिकाणी नकार मिळालेला माणूस पाचव्या ठिकाणी काही विचारत नाही. घर मिळालं याचंच त्याला अप्रूप वाटतं. त्याची फसवणूक तिथेच होते. नकाराचं दुःख खरं आहे, पण त्या दुःखात सही करू नये.

शेवटी उलव्याजवळच्या एका गावठाणात खोली मिळाली. घर एका आगरी आजींचं. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरं किती?" त्यांच्या कुटुंबाची जमीन नवी मुंबईसाठी गेलेली. घर सोडून निघणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. भाडं साडेसहा हजार, अनामत पंचवीस हजार. आणि त्यांचा मुलगाच म्हणाला, "करारनामा नोंदवूनच राहा."

आता हिशेबाच्या चार गोष्टी.

पहिली, भाड्यात रोजचा प्रवास मिळवा. खारकोपर ते उरण लोकल जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली आणि न्हावा शेव्याला स्टेशन झालं. पण पनवेलहून लोकलनं यायचं तर बेलापूरला गाडी बदलावी लागते. रात्रपाळी असेल तर स्टेशन ते यार्डाची रिक्षाही मोजा.

दुसरी, घर दुपारी पाहून परत येऊ नका. सकाळी पाण्याच्या वेळी जा. शेजारणीला विचारा, मे महिन्यात टँकर लागतो का, पावसात पाणी शिरतं का.

तिसरी, करारनामा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. भाड्याची पावती मागणं हा भाडेकरूचा हक्क आहे. नोंदणी आता ऑनलाइनही होते. अनामत रक्कम बँकेतून द्या, आकडा करारात लिहून घ्या.

चौथी, विकत घेणाऱ्यांसाठी. या पट्ट्यात प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेली घरं आहेत. त्यांचा प्रश्न खरा आहे आणि जुना आहे. पण अशा बांधकामातला फ्लॅट कोणी नुसत्या नोटरीवर स्वस्तात विकत असेल, तर वकिलाला कागद दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. नव्या इमारतीचा महारेरा नोंदणी क्रमांक तपासा. करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. उत्पन्न कमी असेल तर सिडकोच्या सोडतीवर लक्ष ठेवा. तळोजा, द्रोणागिरी, बामणडोंगरी इथे अशी घरं निघाली आहेत. अर्ज स्वतः भरा. "नंबर लावून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आमच्या खोलीला एकच खिडकी आहे. मुलं गावच्या मराठी शाळेत जातात. ईदला आजींकडे शीरखुर्मा जातो, गणपतीत त्यांच्याकडून मोदक येतात. अल्हम्दुलिल्लाह, रात्री झोप लागते, कारण कपाटात नोंदवलेला कागद आहे.

आता गावाकडून कोणी फोन करून "घर मिळालं" म्हणालं, की मुबारकबाद देतो आणि लगेच विचारतो, "करारनामा नोंदवला का?"