प्रशासन शिकवायला तालुका हवा

प्रवेशाचे दिवस आहेत. रुग्णालय व्यवस्थापन, आरोग्य प्रशासन, लोकप्रशासन अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या जाहिरातींनी या आठवड्यातल्या शैक्षणिक पुरवण्या भरून गेल्या आहेत. वातानुकूलित वर्ग, परदेशी विद्यापीठाशी करार, नोकरीची हमी, सगळे काही त्यांत आहे. या राज्याला चांगल्या आरोग्य प्रशासकांची किती निकड आहे, हे या स्तंभाच्या वाचकांना पुन्हा सांगायला नको. म्हणूनच या जाहिराती मी नीट वाचतो आणि दरवर्षी त्याच एका गोष्टीपाशी येऊन चिडतो. विद्यार्थ्याने दोन वर्षे कोणत्या कार्यालयात, कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या जबाबदारीवर काम करायचे, याचा उल्लेख कुठेच नसतो. असलाच तर सहा-आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपचा, आणि तीही बहुधा शहरातल्या एखाद्या मोठ्या खासगी रुग्णालयातली. माझ्या मते खोट इथेच आहे. विषयांची यादी, सत्रांची रचना, श्रेयांकांचे गणित यांवर विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांत तासन्‌तास चर्चा होते. जे शिकवायचे आहे ते घडते त्या जागी मात्र विद्यापीठाचा पायही नसतो.

शेजारीच वैद्यकीय शिक्षण आहे, त्याच्याशी तुलना करून पाहा. आपल्या देशात रुग्णालयाशिवाय वैद्यकीय महाविद्यालय काढताच येत नाही. शंभर जागा हव्या असतील तर चारशेहून अधिक खाटांचे चालू रुग्णालय दाखवावे लागते आणि त्या खाटांवर खरोखर रुग्ण आहेत का, हेही तपासले जाते. शस्त्रक्रिया शिकवणारा प्राध्यापक सकाळी स्वतः शस्त्रक्रिया करतो आणि दुपारी त्याच रुग्णाविषयी वर्गात बोलतो. त्याचे निदान चुकले तर विद्यार्थ्यांसमोर चुकते. साडेचार वर्षांच्या शिक्षणावर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता आहे. ती पुरी केल्याशिवाय स्वतंत्रपणे व्यवसाय करता येत नाही. या व्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत, पण कौशल्य जबाबदारीच्या सावलीतच शिकता येते हे तिचे मूळ तत्त्व पक्के आहे. आता प्रशासनाचा विभाग पाहा. तिथल्या प्राध्यापकाने एकही प्राथमिक आरोग्य केंद्र चालवलेले नसले तरी चालते. विभागाच्या ताब्यात एखादे उपकेंद्र, एखादे भांडार, एखादे अंदाजपत्रक असावे अशी अटच नाही. विद्यार्थी सिद्धान्त, प्रेरणेची प्रतिमाने आणि गुणवत्ता-मानांकनाची परिमाणे पाठ करून बाहेर पडतो. रुग्ण न पाहता झालेल्या डॉक्टरच्या हाती आपण नाडी देणार नाही. कार्यालय न पाहता झालेल्या प्रशासकाच्या हाती मात्र जिल्ह्याचा औषधसाठा द्यायला आपली हरकत नसते.

एका रात्रीचे उदाहरण घेऊ. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रसूतीसाठी आलेल्या बाईचा रक्तदाब वाढला आहे. परिचारिकेने मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन दिले आणि तिला पुढे पाठवायचे ठरले. हे केंद्र जिल्हा परिषदेचे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अमलाखालचे. पुढचे ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, म्हणजे थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. तिथे भूलतज्ज्ञाचे पद रिक्त आहे, म्हणून तिला वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचे. ते वैद्यकीय शिक्षण विभागाचे. मधल्या वाटेवरची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ठेकेदार कंपनी चालवते. रुग्णालय महापालिकेचे निघाले तर नगरविकास विभागही आलाच. एका बाईच्या एका रात्रीत इतकी खाती गुंतलेली असतात आणि एकाच्या नोंदी दुसऱ्याला सहसा दिसत नाहीत. ती वाटेत दगावली तर मातामृत्यू अन्वेषणाच्या बैठकीत प्रत्येक जण आपापल्या हद्दीपुरते बोलतो. आरोग्य प्रशासन म्हणतात ते नेमके या हद्दींवरचे काम आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्याने ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकाला रात्री फोन करावा की लेखी कळवावे, रिक्त पदावर बाहेरचा भूलतज्ज्ञ मानधनावर बोलवायचा तर पैसा कोणत्या लेखाशीर्षातून काढावा, हे कोणत्याही आयात पाठ्यपुस्तकात नाही. ते त्या तालुक्यात बसूनच शिकावे लागते.

आज ते शिकतो कोण? एमबीबीएस होऊन नुकताच रुजू झालेला वैद्यकीय अधिकारी. सपाट प्रदेशात तीस हजार, आदिवासी आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक केंद्र, असे शासकीय प्रमाण आहे. त्या केंद्राचा तो कार्यालयप्रमुख होतो आणि वर्षानुवर्षे तिथे बसलेल्या लिपिकाकडून कारभार शिकतो. त्या लिपिकांबद्दल मला आदर आहे. त्यांच्यामुळेच अनेक केंद्रे तग धरून आहेत. पण लिपिक शिकवतो ते फाइल कशी वाचवायची. रुग्ण वाचावा म्हणून कारभार कसा बदलायचा, हे शिकवणे त्याचे काम नाही. पुढे हाच डॉक्टर चढत चढत जिल्हा शल्यचिकित्सक होतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतरचे प्रश्न विजेच्या भाराचे, अग्निसुरक्षा तपासणीचे, सार्वजनिक बांधकाम विभागाशी पाठपुराव्याचे होते. यातला एकही विषय वैद्यकीय पदवीत नाही. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ च्या ऑक्टोबरच्या तोंडावर चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, तेव्हा तर प्रभारी अधिष्ठात्यांना खासदारांनी स्वच्छतागृह साफ करायला लावले. त्या दृश्याची लाज मला आजही वाटते. स्वच्छतेचा ठेका, रिक्त पदे, औषधखरेदी, खाटांपेक्षा जास्त रुग्ण ही सगळी व्यवस्थापनाची कामे. ती करायला शिकलेला माणूस आपण त्या इमारतीत कधी नेमलाच नाही, आणि हिशेब मात्र एका डॉक्टरच्या अब्रूवर चुकता केला.

माझी मागणी साधी आहे: प्रशासन शिकवणाऱ्या प्रत्येक विद्यापीठ विभागाला चालवायला आणि शिकवायला एक तालुका जोडून द्यावा. याला कोणी स्वप्नरंजन म्हणेल, म्हणून जे प्रत्यक्षात झाले आहे तेच सांगतो. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने शहराच्या आरोग्य खात्याशी मिळून १९३२ मध्ये आपल्या परिसराचाच एक आरोग्य जिल्हा केला आणि तिथे शिकवणे व चालवणे एकत्र आणले. त्याच वर्षी कोलकात्यात अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था उभी राहिली. तिने हुगळी जिल्ह्यातल्या सिंगूरला १९३९ मध्ये ग्रामीण आरोग्य केंद्र सुरू केले, ते प्रशिक्षणासाठीच. स्वातंत्र्याआधी आपल्याला हे सुचले होते! दिल्लीच्या एम्सने १९६५ पासून हरियाणातल्या बल्लभगडला काम उभे केले. तिथली दयालपूर आणि छांयसा ही दोन प्राथमिक आरोग्य केंद्रे संस्था राज्य सरकारच्या सहकार्याने चालवते, आंतरवासी डॉक्टर तिथे मुक्कामाला असतात, आणि अठ्ठावीस गावांतले जन्म-मृत्यू वर्षानुवर्षे नोंदले जात आहेत. आपल्या सेवाग्रामला १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या महाविद्यालयात प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते आणि पहिल्याच वर्षी तिथे शिबिराला राहते. हे सगळे वैद्यकीय शिक्षणाच्या कुशीत झाले. प्रशासनाच्या अभ्यासक्रमांनी त्यातून काहीच घेतले नाही, याचे मला नवल वाटते. लोकप्रशासनाचे विद्यापीठीय शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. नागपूर विद्यापीठात त्याचा विभाग १९५० च्या सुमारास सुरू झाला, आणि तो लोकप्रशासनाबरोबर स्थानिक स्वराज्याचाही होता. दिशा तेव्हाच बरोबर होती.

यावर जाणकार मंडळी ‘रोम’ योजनेची आठवण काढतील, आणि ती काढायलाच हवी. श्रीवास्तव समितीच्या १९७५ च्या अहवालानंतर, १९७७ मध्ये, वैद्यकीय शिक्षणाला ग्रामीण वळण देण्यासाठी प्रत्येक महाविद्यालयाशी तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडली गेली. फिरते दवाखाने मिळाले, विद्यार्थी खेड्यात जाऊन आले, आणि काही वर्षांत सारे थंडावले. मग नवा तालुका जोडून वेगळे काय होणार? माझ्या मते त्या योजनेतून घ्यायचा धडा नेमका उलटा आहे. तिथे महाविद्यालय पाहुणे म्हणून गेले. लसीकरण घटले तर महाविद्यालयाला कोणी जाब विचारत नव्हते, औषध संपले तर प्राध्यापकाची झोप उडत नव्हती. बल्लभगड टिकले, कारण तिथली केंद्रे एम्सची जबाबदारी आहेत. म्हणून तालुका जोडायचा म्हणजे भेटींचे वेळापत्रक आखायचे नव्हे. जिल्हा परिषद, सार्वजनिक आरोग्य विभाग आणि विद्यापीठ यांनी लेखी करार करून, किमान दहा वर्षांसाठी, एका तालुक्याच्या आरोग्य कारभाराची सामायिक जबाबदारी घ्यायची. विभागातल्या निम्म्या प्राध्यापकांना त्या तालुक्यात पद हवे आणि त्या पदाच्या कामगिरीवर त्यांची बढती हवी. शोधनिबंध मोजून बढती देत राहिलो तर प्राध्यापक तालुक्यात जाणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

अशा विभागात पहिल्या सत्रात काय शिकवाल, असे विचारले तर माझे उत्तर वाचकांना ठाऊकच आहे: औषध भांडार. या विषयावर मी हट्टी आहे. विद्यार्थ्याला पहिले तीन महिने तालुक्याच्या भांडारात बसवा. साठा नोंदवही आणि संगणकावरची नोंद यांचा मेळ घालू द्या. मुदत आधी संपणारे औषध आधी बाहेर गेले का, हे खोके उघडून पाहू द्या. लसींच्या शीतपेटीचे तापमान २ ते ८ अंशांत राहिले का, याची सकाळ-संध्याकाळची नोंद त्याच्या सहीने होऊ द्या. दर महिन्याच्या शेवटच्या रकान्यात ८ अंशांच्या आतलेच आकडे एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले दिसले, तर त्याचा अर्थ काय हे त्याला कळले पाहिजे. मागणी, खरेदी, तपासणी, वाटप, अपव्यय, पैसा, माणसांचा आळस आणि माणसांची निष्ठा, सारे एका खोलीत दिसते. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. तिथे प्रत्येक रुग्णालयाला पासबुक आहे; आपल्या वाट्याच्या रकमेत हवी ती औषधे जिल्ह्याच्या गोदामातून उचलायची, आणि प्रत्येक उचल पासबुकात चढते. ही पद्धत एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःच्या तालुक्यातल्या नोंदवहीशेजारी ठेवून पाहिली, तर संघटनशास्त्राच्या चार प्रकरणांपेक्षा जास्त शिकेल, असे माझे ठाम मत आहे. त्याला पुरावा द्या म्हणाल तर तो तोकडा आहे, कारण असा वर्ग आपण अजून भरवलेलाच नाही.

प्रशिक्षणासाठी पुण्यात यशदा आहे, विद्यापीठांनी विद्यापीठाचेच काम करावे, असाही आक्षेप येतो. तो मला पटत नाही. सेवेतल्या अधिकाऱ्याला चार-आठ दिवस बोलावून नवा नियम समजावणे वेगळे, आणि चोविशीतल्या मुला-मुलींना दोन वर्षे एका समस्येपाशी थांबवून ती मुळापासून समजून घ्यायला लावणे वेगळे. दुसरे काम विद्यापीठच करू शकते, कारण प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य तिथे असते, असायला हवे. तालुक्यात राजकारण आडवे येईल, ही भीती मात्र खरी आहे. बदल्या, ठेके, सभापतींचा शब्द, सारे येईल. पण तेच तर या विषयाचे साहित्य आहे. निवडून आलेल्या सभापतीशी कसे बोलावे, त्याची कोणती मागणी रास्त आहे आणि कोणत्या मागणीला लेखी नकार द्यावा, हे न शिकता प्रशासक होता येत नाही. सार्वजनिक पैसा शिकाऊ हातांत देण्याचा धोका सांगितला जातो, त्याला उत्तर वैद्यकशास्त्राने कधीच दिले आहे: शिकाऊ डॉक्टर वरिष्ठाच्या देखरेखीखाली टाके घालतो, अंतिम सही वरिष्ठाची असते.

सगळ्यात जड आक्षेप शेवटी ठेवला आहे. इतके शिकून या मुलांनी जायचे कुठे? तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचे संचालनालय रुग्णसेवेपासून वेगळे आहे, १९३९ च्या मद्रास सार्वजनिक आरोग्य कायद्याचे बळ त्याच्या पाठीशी आहे, आणि तिथे वर चढायचे तर सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घ्यावे लागते. म्हणून तिथे त्या पदविकेला किंमत आहे. आपल्याकडे पदवी आधी निघते आणि पद निघतच नाही. मग शिकलेला विद्यार्थी खासगी रुग्णालयाच्या बिलिंग विभागात जातो, आणि विद्यापीठही अभ्यासक्रम त्याच विभागासाठी बेतू लागते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग उभारायला सांगितले. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत डॉक्टर नसलेल्या, पण आरोग्य व्यवस्थापन शिकलेल्या उमेदवारांनाही जागा ठेवली. राज्याने प्रत्येक तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताशी असे एक पद निर्माण केले, तर साडेतीनशेहून अधिक जागा उभ्या राहतात आणि डॉक्टरचा रुग्णांसाठीचा वेळही वाचतो. नव्या अभ्यासक्रमाला मान्यता देताना विद्यापीठाने दोन कागद मागावेत: जिल्हा परिषदेशी झालेला तालुक्याचा करार आणि शासनाचा पदनिर्मितीचा निर्णय. आणि अंतिम परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून एक निवृत्त जिल्हा आरोग्य अधिकारी आणि एक लेखाधिकारी बोलवावा. प्रश्नपत्रिका त्यांनी काढावी, ती त्या तालुक्याच्या त्या वर्षीच्या कागदांवर.