पगारपत्रकातले दोन आकडे



माझ्या आपाचा मुलगा ऑगस्ट २०२२ मध्ये एम.एस. करायला अमेरिकेला गेला. व्याजाचं कर्ज नको म्हणून दुल्हेभाईंनी शेताचा तुकडा विकला. शिक्षण संपल्यावर २०२४ च्या जूनपासून तो ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, नोकरीला लागला. महिना पाच हजार डॉलर. एकदा त्यानं मला पगारपत्रक दाखवलं. त्यात सोशल सिक्युरिटीचे ३१० आणि मेडिकेअरचे ७२.५० डॉलर कापलेले.

"खाला, यहाँ सबका कटता है," तो म्हणाला.

सगळ्यांचा कापत नाहीत. पहिला पगाराच्या ६.२ टक्के, दुसरा १.४५ टक्के. पण एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी करापुरता 'अनिवासी' असेपर्यंत त्याच्या परवानगीच्या कामावर हे दोन्ही कर लागत नाहीत. ओपीटीही त्यात आलं. (नेहमीचा आयकर मात्र भरावाच लागतो.) सात महिन्यांचे २,६७७ डॉलर चुकीनं गेले होते. कंपनीनंही तेवढीच रक्कम आपल्या खिशातून भरली होती, म्हणजे तिचाही तोटाच.

हे अनिवासीपण साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं टिकतं. वर्षातला एक दिवस जरी तिथं गेला तरी ते वर्ष पूर्ण धरतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उतरलेल्या मुलाचं एक वर्ष तिथंच संपतं! आमच्या मुलाची वर्षं २०२२ ते २०२६. त्याच्या खोलीतला दुसरा मुलगा २०१९ ला गेलेला, त्याची २०२३ ला संपली. त्यालाही २०२४ चे पैसे मागायचे होते. मी स्पष्ट सांगितलं, बेटा, ते तुझे नाहीत. एच-१बी व्हिसा मिळाल्यावरही ही सूट राहत नाही.

घोळ आणखी एक निघाला. मित्राच्या सांगण्यावरून यानं विवरणपत्र १०४० भरलं होतं. ते रहिवाशांचं. त्याला हवं होतं १०४०-एनआर, आणि सोबत फॉर्म ८८४३. एका कागदावर रहिवासी म्हणून सही आणि दुसऱ्यावर अनिवासी म्हणून परताव्याची मागणी, हे कसं चालेल? आधी १०४०-एक्स भरून ती चूक दुरुस्त करायला लावली.

आपा घाबरली. "परक्या मुलकात सरकारशी कशाला भांडायचं? व्हिसा गेला तर?" तिला समजावलं की यात भांडण नाही, खुद्द तिथल्या आयकर खात्यानं, आयआरएसनं, यासाठी फॉर्म काढलेत. आधी कंपनीच्या पगार विभागाला लेखी कळवायचं. त्यांनी पैसे परत केले तर प्रश्न मिटला. नाही म्हणाले तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ आयआरएसकडे पाठवायचे. सोबत डब्ल्यू-२ (त्याच्या चौथ्या आणि सहाव्या चौकटीत हीच कपात दिसते), व्हिसा, आय-९४ आणि कामाच्या परवानगीच्या प्रती. मागणीला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून जुनी पगारपत्रकं टाकून देऊ नयेत. शंका असेल तर विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारावं.

कंपनीला पत्र गेल्या आठवड्यात गेलं. उत्तर यायचं आहे. आपा रोज मगरिबनंतर फोन करून विचारते.